शेवंती हिरवीगार, पण कळीच धरत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

शेवंतीबद्दल मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. झाड छान वाढलंय, पानं गडद हिरवी आहेत, फुटवे भरपूर आहेत, फुलायचा हंगाम अर्धा सरला आणि कळी एकही नाही. माझ्या स्वतःच्या कुंड्यांत आणि ओळखीच्यांच्या बागांत ही तक्रार मी इतक्यांदा सोडवली आहे की आता झाड बघायच्या आधीच विचारते: रात्री नऊ वाजता त्या कुंडीवर उजेड पडतो का?

बहुतेक वेळा समोरच्याने तोवर दोनदा खत घातलेलं असतं. शेवंती फुलत नसेल तर आधी खताचा डबा बंद करून ठेवा. पुढचे सगळे उपाय त्यानंतर.

लक्षणं नीट बघा, कारण ‘फुलत नाही’ म्हणजे पाच-सहा वेगळ्या गोष्टी

झाड निरोगी, हिरवं, सारखं वाढतंय आणि शेंड्यावर फक्त नवी पानं: हा उजेडाचा, खुडणीच्या वेळेचा किंवा खताचा प्रश्न.

एका बाजूच्या फांद्या फुलल्या आणि दुसऱ्या बाजूच्या नुसत्या हिरव्या राहिल्या: हा जवळपास नक्की रात्रीच्या दिव्याचा प्रश्न. हिरवी बाजू दिव्याकडे आहे का ते बघा.

शेंड्यावर एक कळी आली, पण ती तिथेच थांबली आणि तिच्या खालून निघालेले हिरवे फुटवे तिला ओलांडून वर गेले. या कळीखालची पानं नेहमीसारखी कातरलेली नसतात, अरुंद पट्टीसारखी असतात. ही अवेळी धरलेली मुकी कळी.

कळ्या धरल्या, मुगाएवढ्या झाल्या आणि तपकिरी पडून वाळल्या: पाणी, फुलकिडे किंवा बुरशी.

झाड लांबच लांब वाढलं, खालची पानं वाळली, टोकाला दोन-चार फुलं आली: ऊन कमी, खुडणी झाली नाही किंवा बुंधा जुना झाला.

झाड इतरांच्या निम्म्या उंचीचं, पानं लहान आणि फिकट, खत-पाणी देऊनही सुधारणा नाही: इथे घरगुती उपाय चालत नाहीत. अशी कुंडी आजच बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि शेवटचा भाग वाचा.

आधी कॅलेंडर

याला काही खर्च नाही, म्हणून पहिलं हेच. शेवंती लहान दिवसांत फुलणारं झाड आहे. दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा लहान आणि रात्र त्या मानाने मोठी होत गेली की ती पानं वाढवणं थांबवून कळी धरायला लागते. उत्तर गोलार्धात २१ जूनच्या सुमाराला दिवस सर्वात मोठा असतो आणि तिथून तो उतरत जातो. दक्षिण गोलार्धात हेच २१ डिसेंबरनंतर घडतं. विषुववृत्ताजवळ मात्र दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास असल्याने तिथे शेवंती कधीही कळी धरू शकते.

रात्री पुरेशा मोठ्या झाल्यापासून फूल उमलेपर्यंत किती आठवडे लागतील, हे वाणावर ठरतं. लवकरच्या वाणांना सहा-सात आठवडे पुरतात, कुंडीत लावल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांना आठ ते दहा आणि अगदी उशिराच्यांना तेरा ते पंधरा. पहिली बारीक कळी डोळ्यांना दिसायलाच तीन-चार आठवडे जातात. म्हणजे शेजारच्या पिवळ्या शेवंतीला कळ्या लागल्या आणि तुमच्या पांढरीला नाहीत, एवढ्यावरून काही बिघडलंय असं ठरत नाही. वाण उशिराचा असू शकतो.

रोपवाटिकेतून आणलेली गुटगुटीत, फुलांनी भरलेली कुंडी बऱ्याचदा काळ्या पडद्याने झाकून, रात्र लांबवून हंगामाआधी फुलवलेली असते. तिच्यावर उंची रोखणारं औषधही मारलेलं असतं. पुढच्या वर्षी तेच झाड उंच, सैल वाढतं आणि आपल्या नैसर्गिक वेळेला, म्हणजे कदाचित दोन-तीन महिने उशिरा फुलतं. झाड बिघडलेलं नसतं. ते पहिल्यांदाच आपल्या चालीने वाढत असतं.

रात्री कुंडीपाशी जाऊन उभे राहा

ही तपासणी लोक टाळतात, कारण ‘दिवा तर लांब आहे’ असं वाटतं. तुम्ही मात्र टाळू नका. अंधार पडून दोन तास झाले की कुंडीजवळ जा आणि पानांवर पांढरा कागद धरून त्याच्या वर हात ठेवा. हाताची सावली कागदावर स्पष्ट दिसली तर तिथे शेवंतीला त्रास होण्याइतका उजेड आहे असं मी धरते. जिन्याचा दिवा, अंगणातला सुरक्षेचा दिवा, रस्त्यावरचा खांब, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पडणारा झोत, हालचाल झाली की लागणारा दिवा: यातलं काहीही पुरतं. चांदण्याची काळजी करू नका, पौर्णिमेचा उजेड अर्ध्या लक्सपेक्षाही (लक्स हे उजेड मोजायचं माप) कमी असतो.

एवढ्याशा उजेडाने काय होणार, असं मला सतत ऐकावं लागतं. म्हणून कारण नीट सांगते. शेवंतीला रात्र सलग लागते. दिवस लहान असला तरी मध्यरात्री काही वेळ दिवा लावला तर झाडाच्या हिशेबी ती रात्र तुटते आणि ते दिवस मोठे असल्यासारखं वागतं. व्यावसायिक शेतकरी याचाच उपयोग करून घेतात. झाडं हवी तितकी उंच होईपर्यंत ते मध्यरात्री दोन-चार तास दिवे लावतात आणि कळी धरू देत नाहीत. त्यासाठी साधारण शंभर लक्स उजेड पुरतो, तो वाचनाच्या दिव्याच्या मानाने मंदच. शेतकरी मुद्दाम करतो तेच तुमचा अंगणातला दिवा नकळत करत असतो. रात्र तोडण्यात लाल रंगाचा उजेड सर्वात प्रभावी असल्याने ‘आमचा दिवा पिवळसर, मंद आहे’ हा दिलासाही पुरत नाही.

उजेड ओळखतं ते पान, शेंडा नव्हे. १९३०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चाईलाख्यान यांनी हे शेवंतीवरच दाखवलं. त्यांनी झाडाच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली. खालच्या पानांना लहान दिवस दिले आणि वरच्या उघड्या शेंड्याला मोठे, तरी झाड फुललं. उलट केलं तेव्हा फुललं नाही. पानांत तयार होऊन शेंड्याकडे जाणाऱ्या त्या संदेशाला त्यांनी फ्लोरिजेन हे नाव दिलं. पुढे २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी शेवंतीच्या एका रानटी जातीत याच्या विरुद्ध काम करणारं, फुलणं रोखणारं प्रथिनही शोधून काढलं. तेही पानांतच बनतं. त्यामुळे दिव्याचा झोत शेंड्यावर पडत नाही, फक्त खालच्या पानांवर पडतो, म्हणून चालेल असं समजू नका.

उपाय सोपा आहे. दिवा बंद करा, त्याचं तोंड वळवा किंवा कुंडी उचलून अंधाऱ्या कोपऱ्यात न्या. मात्र रोज हलवाहलव करायची असेल तर दिवसा ती पुन्हा उन्हात गेलीच पाहिजे. एक जिन्याखालची कुंडी मला आजही आठवते. सलग दोन वर्षं तिला एकही फूल आलं नव्हतं. मी फक्त ती भिंतीच्या पलीकडे ठेवायला सांगितली. महिनाभराने तिच्या टोकांवर कळ्या दिसल्या. माती तीच होती, खत बंद होतं, बदलली ती फक्त जागा.

जमिनीत लावलेलं झाड हलवता येत नाही. तिथे आधी दिव्याला आडोसा करून बघा. तो दिवा बदलायला किंवा नव्याने बसवायला विजेच्या तारांना हात लावावा लागणार असेल, तर तिथेच थांबा आणि वायरमनला बोलवा. बाहेरचा दिवा ओलसर जागी असतो, त्यात स्वतः पेचकस घालू नका.

शेंड्याकडे बघा: कधी आणि किती खुडलंत?

खुडणी शेवंतीला हवीच. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा म्हणजे बगलेतून फुटवे येतात, आणि तीन-चार आठवड्यांनी त्या फुटव्यांचे शेंडे पुन्हा खुडायचे. झाड घुमटासारखं भरगच्च होतं ते यामुळेच. पण दर खुडणीला झाड नवी फांदी वाढवायला परत सुरुवातीला जातं. फुलं ज्या सुमाराला हवी आहेत त्याच्या साधारण ९० ते १०० दिवस आधी शेवटची खुडणी झाली पाहिजे. त्यानंतर झाड कितीही अस्ताव्यस्त दिसलं तरी कात्री लावू नका. हौसेने उशिरापर्यंत आकार देत राहिलेली झाडं मी खूप बघितली आहेत. त्यांच्या तयार होत आलेल्या कळ्याच दर वेळी कापल्या जात होत्या.

वर सांगितलेली मुकी कळी दिसली तर ती खालच्या पट्टीसारख्या पानांसकट काढा. हंगाम अजून लांब असेल तर खालचे फुटवे वाढू द्या, रात्री मोठ्या झाल्यावर ते स्वतःच्या कळ्या धरतील. फूल येणं तोंडावर आलं असेल तर सर्वात जोमदार दोन-तीन फुटवेच ठेवा.

शेंडा खुडल्यासारखा दिसतोय पण तुम्ही खुडलेला नाही, असं असेल तर अळी किंवा गोगलगाय शोधा. दोन्ही रात्री बाहेर येतात, त्यामुळे उजेड तपासायला जाल तेव्हा बॅटरी हातात ठेवा. एका फेरीत दोन कामं होतात.

दिवसाचं ऊन आणि रात्रीची उष्णता

रात्री अंधार हवा म्हणून कुंडी दिवसभर सावलीत ठेवणारेही भेटतात. दिवसा पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर झाड लांबुळकं होतं आणि कळ्या मोजक्या येतात.

उष्णतेकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. शेवंतीला कळी धरताना १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या रात्री मानवतात. रात्रीचं तापमान सतत २४-२५ अंशांच्या वर राहिलं तर अंधार असूनही कळी रेंगाळते. दिवसभर तापलेली सिमेंटची फरशी किंवा पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. कुंडी भिंतीपासून दोन हात लांब सरकवा आणि विटांवर ठेवा. खर्च काहीच नाही आणि फरक पडतो.

खत: घालायचं नाही, थांबवायचं

पानं काळपट हिरवी, मोठी, मऊ आणि दांडे रसरशीत असतील तर झाडाला नत्र जास्त झालंय. शेणखत, युरिया, पेंड, जे काही चालू असेल ते थांबवा. नत्रावर झाड पानंच वाढवतं, आणि अशा मऊ शेंड्यांवर मावाही लवकर बसतो. कुंडी एकदा भरपूर पाणी घालून खालून निथळू द्या, म्हणजे साठलेले क्षार वाहून जातात. कळ्या दिसायला लागल्यावर पालाश जास्त आणि नत्र कमी असलेलं खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात द्यायला हरकत नाही. कळ्यांनी रंग दाखवला की तेही बंद.

पाणी आणि पानाची खालची बाजू

बोट मातीत दोन पेरं घाला. तिथे कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही मुळाशी. कळ्या असताना कुंडी एकदा जरी पूर्ण सुकली तरी त्या कळ्या तपकिरी पडू शकतात, पाणी दिल्यावर पानं ताठ झाली तरी कळ्या परत येत नाहीत.

मग पानं उलटून बघा. काळा-हिरवा मावा कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसतो. त्याला पाण्याच्या जोरदार धारेने दोन-तीन दिवसांआड धुऊन काढा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. फुलकिडे इतके बारीक असतात की कळी पांढऱ्या कागदावर झटकल्याशिवाय दिसत नाहीत. त्यांनी खरवडलेल्या पाकळ्या कडेने तपकिरी होतात. कोरड्या हवेत पानाखाली बारीक जाळं आणि वरून पिवळट टिपके दिसले तर लाल कोळी. या दोन्हींवर कीटकनाशक साबणाचं किंवा निंबोळी तेलाचं द्रावण संध्याकाळी, पानाच्या खालून फवारा आणि आठवड्याने पुन्हा. कळ्यांवर राखाडी लव दिसली तर ती करडी बुरशी. अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करा, कुंड्यांत अंतर वाढवा आणि वरून पाणी घालणं थांबवा.

फुलं खाण्यात किंवा काढ्यात वापरायचा विचार असेल तर ज्या झाडावर फवारणी झाली ते त्यासाठी घेऊ नका. रोपवाटिकेतून फुलासकट आणलेल्या कुंडीची फुलंही नकोत.

कुंडीतून काढून मुळं बघा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच हे करा, कारण कळी धरण्याच्या दिवसांत मुळं हलवणं झाडाला महाग पडतं. कुंडी आडवी करून गोळा अलगद बाहेर काढा. मुळं पांढरी-पिवळसर असतील तर परत ठेवा. ती गोल फिरून घट्ट जाळी झाली असेल तर एक माप मोठी कुंडी द्या. तपकिरी, मऊ आणि कुजका वास येणारी असतील तर निचरा बिघडलाय. कुजलेला भाग कापा आणि ताज्या, भुसभुशीत मिश्रणात लावा. या हंगामात त्या झाडाकडून फुलांची अपेक्षा ठेवू नका.

तीन-चार वर्षं तसाच ठेवलेला बुंधा मधून लाकडासारखा होतो आणि कडेने फुटतो. त्याला खत-पाण्याने तरुण करता येत नाही. फुलं संपल्यावर दांडे जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा. नंतर बुंध्याभोवती ज्या काश्या, म्हणजे मुळाजवळून येणारे कोंब, फुटतील त्यातल्या बाहेरच्या, मुळं असलेल्या काश्या वेगळ्या करून लावा आणि मधला जुना भाग टाकून द्या. मी हे दरवर्षी करते. काश्यांऐवजी शेंड्याची छाट कलमंही चालतात, आणि जमिनीत रोगाची शंका असेल तेव्हा तीच बरी.

काळा पडदा: शेवटचा आणि कष्टाचा उपाय

दिवा हटवता येत नाही, झाडही हलवता येत नाही, बाकी सगळं ठीक आहे, तेव्हाच. जाड काळं कापड, ज्याच्यातून दिवा आरपार दिसणार नाही असं, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ रोज झाडावर घाला. ते पानांना टेकू नये म्हणून चार काठ्यांचा सांगाडा करा. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं. एखादी रात्र चुकली तर सगळं वाया जात नाही, पण चुकत राहिलं तर कळी लांबतच जाते. उन्हं अजून तळपत असताना झाकू नका, आत उष्णता कोंडते आणि आपण वर पाहिलेला उष्णतेचा त्रास हाताने ओढवून घेतो.

कुठे थांबायचं

घरी शहाणपणा करू नये अशा काही गोष्टी आहेत.

झाड खुरटलेलं, पानं लहान आणि फिकट, फुलं बारीक आणि कधी कधी इतरांपेक्षा लवकर: हे शेवंतीच्या खुजेपणाच्या व्हायरॉइडचं (विषाणूहूनही लहान रोगकारकाचं) लक्षण असू शकतं. त्यावर औषध नाही. तो कात्रीने, हाताने, कलमांमधून पसरतो. अशा झाडाची काशी कोणालाही देऊ नका.

पानांवर शिरांच्या मधल्या जागेत त्रिकोणी तपकिरी डाग पडून ते खालच्या पानांकडून वर चढत असतील तर पानांतल्या सूत्रकृमींची शंका घ्या. ते ओल्या पानांवरच्या पाण्यातून वर सरकतात. घरगुती फवारणीने ते जात नाहीत.

पानाच्या वर फिकट खळगे आणि बरोबर त्याच्या खाली पांढरट-गुलाबी फुगीर पुटकुळ्या दिसल्या तर तो पांढरा तांबेरा असू शकतो. अनेक देशांत या रोगाची खबर कृषी खात्याला देणं बंधनकारक आहे. झाड हलवू नका, फोटो काढा आणि कृषी अधिकाऱ्याला कळवा.

या तिन्ही बाबतींत, आणि दोन फवारण्यांनंतरही कीड तशीच असेल तेव्हा, वनस्पतिरोगतज्ज्ञाला दाखवा. नमुना नेताना एक निरोगी आणि एक आजारी फांदी वेगवेगळ्या पिशव्यांत न्या, पानं ओली करू नका आणि कुंडीला शेवटचं खत व औषध कधी दिलं ते लिहून न्या. निदान होण्याआधी महागडी आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारी) कीटकनाशकं स्वतःच्या अंदाजाने मिसळू नका.

शेवंतीची पानं हाताळून त्वचेवर पुरळ उठत असेल तर हातमोजे वापरा, आणि ते वाढत राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर छाटलेल्या फांद्या खाली टाकून ठेवू नका. शेवंती त्यांना विषारी असते. त्यांनी पानं चघळली आणि लाळ गळणं, उलट्या, तोल जाणं असं काही दिसलं तर थेट पशुवैद्याला फोन करा.

आजारी झाड काढायचं ठरलं तर मातीसकट पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या, कंपोस्टच्या खड्ड्यात नको. कात्री साबणाने धुऊन ब्लीचच्या पाण्यात बुडवा आणि पुसून कोरडी करा. रिकामी झालेली कुंडीही घासून उन्हात वाळवा, त्यानंतरच तिच्यात नवी काशी लावा.